ट्रामची तार

दरबारी वादकाच्या घरात वाढलेल्या माणसाला तार म्हटली की आधी खुंटी आठवते. संस्थान विलीन झाले तेव्हा वडील ऐन तारुण्यात होते आणि मी त्यांच्या उतारवयातला. दरबार मी फक्त ऐकलेला. पण छेडण्यापूर्वी तार बोटाने नुसती दाबून पाहण्याची त्यांची सवय मला चांगली आठवते. दोन वर्षांमागे इंग्लंडात, डर्बीशायरमधील क्रिच येथे, वीज तोडलेल्या ट्रामच्या तारेशी एक कारागीर अगदी तेच करीत होता.

क्रिचला चुनखडीच्या जुन्या खाणीत ट्रामप्रेमी मंडळींनी १९५९ पासून संग्रहालय उभारले. तेथे विजेची ट्राम धावू लागली १९६४ साली. त्याच वर्षी ३१ मार्चला मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. दादर टीटी हे नाव आपल्या घरांतून अजून ऐकू येते. त्यातला पहिला 'टी' ट्रामचा, हे मात्र नातवंडांना सांगावे लागते.

गाड्यांना रंग देणारे पुष्कळ भेटतात, तारेकडे पाहणारा विरळा. तार तांब्याची, दोन्ही बाजूंना खाच असलेली. वरून चिमटा त्या खाचांत धरतो, म्हणून खालचा भाग गुळगुळीत राहतो. गाडीच्या टपावरचा दांडा स्प्रिंगच्या जोराने तिला खालून घासत जातो. तार हळूहळू चपटी होते. किती झिजली हे मापून पाहावे लागते. उन्हाचे आणखी निराळे. शंभर मीटर तांब्याची तार ३० अंश तापली की सुमारे ५ सेंटीमीटर लांबते आणि लोंबते. थंडीसाठी सैल सोडावी तर उन्हाळ्यात झोळ पडतो. तंबोऱ्याची जवारी जमवणाऱ्याला ही कटकट नवी नाही!

कमानीचा संग्राहक असलेल्या गाड्यांसाठी तार किंचित नागमोडी बांधतात, नाहीतर ती एकाच जागी घासून चर पाडते. फाट्यावरची बेचकी तर रुळांच्या सांध्याच्या बरोबर वर बसवून चालत नाही. दांडा गाडीमागे ओढला जातो, म्हणून ती थोडी पुढे हवी. काही इंच चुकले की दांडा भलत्या तारेला लागतो, किंवा सुटून आकाशाकडे उभा राहतो. कागदावर आकृती असते. शेवटचा इंच मात्र गाडी पुन्हा पुन्हा नेऊनच सापडतो.

म्हणून मला कलकत्त्याची काळजी वाटते. तेथे १९०२ पासून विजेची ट्राम. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने मैदान ते एस्प्लनेड एवढाच टप्पा वारसा म्हणून ठेवण्याचे जाहीर केले. टप्पा आखून मिळेल, डबेही रंगवून मिळतील. पण एवढ्याशा मार्गावर फाटे थोडे आणि कामही थोडे. नवा मुलगा हात बसवणार कुठे? क्रिचला हौशी मंडळी जाणत्याच्या हाताखाली उभी राहतात. कलकत्त्याच्या डेपोतील तारवाले निवृत्त होण्यापूर्वी दोन-चार पोरे त्यांच्यामागे मनोऱ्यावर चढवायला हवीत, आणि तेही पगार देऊन.