टाकीभर पाणी, सव्वा तास कूलर

नागपुरातल्या गच्च्यांवर दिसते तशी हजार लिटरची टाकी डोळ्यांपुढे आणा. ती शंभर मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तीस मजल्यांवरून, खाली रिती केली आणि त्या धारेखाली टर्बाइन बसवलं, तर वीज किती मिळेल? पाव युनिट! 200 वॅटचा कूलर जेमतेम सव्वा तास चालेल. मे महिन्यात एवढ्या गारव्यासाठी टाकीभर पाणी सोडायला कोण नागपूरकर तयार होईल?

मग पेंच नदीवर तोतलाडोहला 160 मेगावॅटचं जलविद्युत केंद्र कशाला उभारलं? (त्यातली दोन तृतीयांश वीज मध्य प्रदेशची, उरलेली आपली.)

एक तर टर्बाइन पाणी पीत नाही. त्याचा जोर तेवढा काढून घेतं. तेच पाणी पुढे नवेगाव खैरीच्या जलाशयात जातं आणि तिथून नागपूरच्या नळांना, कालव्यांवरच्या शेतांना, कोराडीच्या औष्णिक केंद्राला पुरतं. एकाच थेंबाची इतक्या खात्यांवर जमा! धरणाचा खर्च मात्र या खात्यांत कसा वाटायचा, यावर अर्थतज्ज्ञ तासन्‌तास भांडू शकतात.

दुसरं कारण घड्याळात आहे. थंड पडलेला कोळशाचा संच पूर्ण भारावर यायला कित्येक तास लागतात, पाण्याचा संच काही मिनिटांत फिरू लागतो. म्हणून हिशेब करणारा युनिटं किती एवढंच विचारत नाही, कोणत्या वेळची तेही विचारतो. संध्याकाळी घरोघरी दिवे लागताना मिळालेलं युनिट मध्यरात्रीच्या युनिटापेक्षा मोलाचं. पाण्याचंही तसंच. 2019च्या जुलैत तोतलाडोह आटला, नागपूरला दिवसाआड पाणी आलं, तेव्हा बादलीची किंमत कोणत्याही दरपत्रकात नव्हती.

घड्याळाची खरी करामत वर्षांच्या हिशेबात दिसते. वर्षाला दहा टक्के व्याजदर धरला, तर वीस वर्षांनी मिळणाऱ्या शंभर रुपयांची आजची किंमत पंधराच्या आसपास. धरणाचा खर्च आधी होतो, लाभ मागून येतो, म्हणून उशीर लाभालाच कुरतडतो.

लाभ तरी कोणते मोजायचे? अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची पाहणी केली, ती 1948 साली प्रसिद्ध झाली. पाणीपट्टीच्या पलीकडे जाऊन कालव्यामुळे परिसरात आणखी काय काय फुललं, तेही तिने मोजलं. पुढे 1964 साली त्यांच्याच समितीने सुचवलं की प्रकल्प सरकारी तिजोरीला काय मिळवून देतो यापेक्षा समाजाला खर्चाच्या किती पट देतो, ते पाहा. मला हा बदल कुठल्याही धरणाइतकाच मोठा वाटतो.

या फूटपट्टीने वैनगंगेवरचं गोसीखुर्द धरण मोजून पाहा. मूळ अंदाज 372 कोटींचा, पायाभरणी 1988 साली, सिंचनाचं उद्दिष्ट सुमारे अडीच लाख हेक्टर. खर्चातली महागाई हिशेबातून वजा करता येते, ती किमतींची सूज आहे. ज्या हंगामांत पाणी शेतात पोचलंच नाही, ते हंगाम मात्र कोणत्याही सूत्राने परत येत नाहीत. 2016 साली प्रकल्पाची सुधारित किंमत 18,494 कोटींवर गेली आणि कालव्यांची कामं तेव्हाही चालूच होती.