विजोड रॅमचा काळ

बदलापूर पश्चिमेच्या सोनिवलीत माझ्या आसपासच्या घरांत लॅपटॉप दिसू लागले ते साधारण २००८-०९ पासून, आणि त्यातले बरेचसे सेकंड हँड होते. कुणाच्या ऑफिसने जुने म्हणून काढलेले, कुणी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून आणलेले. भारनियमनाचे दिवस होते, त्यामुळे बॅटरीवर तासभर चालणारं यंत्र डेस्कटॉपपेक्षा कामाचं वाटायचं. या लॅपटॉपांचं पुढचं आयुष्य तळाच्या एका छोट्या झाकणाखाली ठरलं. एकदोन स्क्रू काढले की आत दोन स्लॉट, आणि त्यांत रॅमच्या दोन पट्ट्या: एक मूळची, दुसरी मिळेल ती. कंपनी वेगळी, क्षमता वेगळी, कधी वेगही वेगळा. जोडी एकसारखीच घ्या, असं दुकानदार सांगायचे. ते सगळ्यांना परवडत नव्हतं. तरीही विजोड जोडी चालली, आणि बहुतेक वेळा नीट चालली. मागे वळून पाहताना मला वाटतं, यात नशिबाचा भाग फार थोडा. घडवणाऱ्यांनी तशी सोय ठेवली होती, आणि ती सोय आता आपल्या डोळ्यांदेखत बंद होते आहे.

सुरुवात डीडीआर२ या मेमरीच्या पिढीची. मेमरीची मापं, व्होल्टेज आणि वेग ठरवणारी जेडेक ही संस्था आहे. तिने डीडीआर२ चं मानक २००३ मध्ये काढलं. लॅपटॉपची पट्टी २०० पिनांची, १.८ व्होल्टवर चालणारी. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आली आणि ५१२ एमबी किंवा एक जीबीवर आलेल्या लॅपटॉपांना अक्षरशः धाप लागली. हार्ड डिस्कचा दिवा विझतच नसे. अशा वेळी रिकाम्या स्लॉटमध्ये कुणाच्या तरी जुन्या लॅपटॉपची पट्टी टाकली की तो दिवा शांत व्हायचा, आणि घरात तेवढ्यानेही आनंद व्हायचा.

त्या काळातली दोन अधिक एक, म्हणजे तीन जीबीची जोडी मला आजही शहाणपणाची वाटते. ३२ बिटच्या विंडोजला चार जीबीपलीकडचे पत्तेच कळत नाहीत, आणि त्या चारातलेही काही ग्राफिक्स व इतर भागांसाठी राखले जातात. इंटेलच्या ९४५ चिपसेटच्या लॅपटॉपांत तर दोन-दोनच्या पट्ट्या टाकल्या तरी सव्वातीन जीबीच्या आसपासच हाती लागायचे. मग एकसारख्या जोडीसाठी जादा पैसे घालून मिळणार होतं ते पाव जीबी.

वेगवेगळ्या पट्ट्या एकत्र कशा नांदतात, हे समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक पट्टीवर मोठ्या काळ्या चिपांखेरीज आठ पायांची एक चिमुकली चिप असते, तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी. तिला एसपीडी म्हणतात. पट्टी किती जीबीची, किती वेगाने धावते, किती व्होल्ट लागतात, आतली वेळापत्रकं काय, हे सगळं त्यात लिहून ठेवलेलं असतं. बटण दाबल्यावर बायोस दोन्ही पट्ट्यांच्या एसपीडी वाचतो आणि दोघींना झेपेल असा वेग ठरवतो. एक ६६७ ची, दुसरी ८०० ची असेल तर दोन्ही ६६७ ने चालतात. वेगवान पट्टीचं थोडं नुकसान होतं, पण रोजच्या कामात ते जाणवत नाही. मेमरी अपुरी पडली की मात्र लगेच जाणवतं, कारण मग सगळा भार हार्ड डिस्कवर जातो.

क्षमता वेगळी असली तर? दोन पट्ट्या एकाच वेळी वाचण्याला ड्युअल चॅनेल म्हणतात, आणि त्यासाठी समान जोडी हवी, हा समज अजूनही पक्का आहे. इंटेलने त्यावर 'फ्लेक्स' नावाची सोय दिली. चार आणि आठ जीबी बसवले तर चारातले चार आणि आठातले चार जोडीने धावतात, उरलेले चार एकेकटे. म्हणजे बारापैकी आठ जीबीला दुहेरी रस्ता मिळतो. एकट्या आठ जीबीच्या पट्टीपेक्षा हे किती तरी बरं, विशेषतः वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला. त्याचं ग्राफिक्स याच मेमरीवर जगतं. डीडीआर४ ची २४०० ची एक पट्टी सेकंदाला १९.२ जीबी पुरवू शकते. दोन्ही चॅनेल चालू झाले की ३८.४.

त्या जुन्या पट्ट्यांवरची नावंही लक्षात राहिली आहेत. किमोंडा ही जर्मन कंपनी जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. जपानची एल्पिडा फेब्रुवारी २०१२ मध्ये, आणि पुढच्या वर्षी ती मायक्रॉनने घेतली. कंपन्या गेल्या, त्यांच्या चिपा इथे पुढे कित्येक वर्षं कामावर होत्या.

खरी पंचाईत झाली ती डीडीआर३ च्या काळात. पिढी बदलली की पट्टीवरची खाच सरकते, त्यामुळे डीडीआर२ ची पट्टी डीडीआर३ च्या स्लॉटमध्ये बसतच नाही आणि चूक तिथेच अडते. पण डीडीआर३ मध्ये दोन जाती निघाल्या: १.५ व्होल्टची साधी, आणि २०१० पासून १.३५ व्होल्टची डीडीआर३एल. दोन्ही २०४ पिनांच्या, खाच एकाच जागी, हातात घेतल्या तर सख्ख्या बहिणी. २०१३ मध्ये इंटेलच्या चौथ्या पिढीचे लॅपटॉप आले ते फक्त १.३५ वर चालणारे. त्यांत साधी पट्टी चपखल बसायची, चाप टक् करून लागायचे, आणि बटण दाबल्यावर पंखा फिरायचा पण स्क्रीन काळाच. 'डिस्प्ले येत नाही' एवढंच सांगत माणूस लॅपटॉप पिशवीत घालून माझ्याकडे यायचा. त्याला वाटे बोर्ड गेला, आणि बोर्ड गेल्याचं सांगून पैसे घेणारेही होतेच, याचा मला आजही राग येतो. पट्टीवरचं लेबल वाचलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं: पीसी३-१२८०० म्हणजे साधी, पीसी३एल-१२८०० म्हणजे कमी व्होल्टची. एल असलेली पट्टी १.५ व्होल्टच्या लॅपटॉपातही चालते. साधी मात्र १.३५ च्या लॅपटॉपात चालेलच असं नाही. एवढं एक अक्षर ओळखता आलं असतं तर कित्येक घरांचे पैसे वाचले असते.

आणि पाऊस. बदलापूरच्या पावसात चार महिने हवा ओलीच असते. पट्टीच्या सोनेरी पिनांवर मळकट थर बसतो आणि काल चालणारा लॅपटॉप आज बीप देत बसतो. बॅटरी काढायची, पट्टी बाहेर घ्यायची, शाळेच्या पांढऱ्या खोडरबराने पिना एकाच दिशेने हलक्या हाताने पुसायच्या, रबराचा चुरा झटकून टाकायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर त्याचा बोळा फिरवायचा, मग पट्टी तिरकी घालून खाली दाबायची. बहुतेकदा एवढ्याने काम होतं. जुलै २०१९ च्या पुरात, महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली त्याच दिवसांत, पश्चिमेच्या सखल भागातल्या तळमजल्यांत पाणी शिरलं. भिजलेल्या लॅपटॉपांचे बोर्ड गेले. त्यांतल्या पट्ट्या धुऊन, पूर्ण वाळवून, रात्रभर मेमटेस्ट लावून तपासल्यावर पुष्कळशा धड निघाल्या. मेमटेस्टमध्ये चूक सापडली की लाल ओळी येतात. एक जरी ओळ आली तरी ती पट्टी मी कुणाच्या लॅपटॉपात घालत नाही. विजोड चालते, सदोष चालत नाही.

त्या पट्ट्या आठ महिन्यांत उपयोगी पडल्या. मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या, लॅमिंग्टन रोड बंद, आणि जूनपासून मुलांची शाळा स्क्रीनवर. दोन जीबीच्या लॅपटॉपवर व्हिडिओ वर्ग उघडला की शिक्षकांचा आवाज तुटायचा, मूल रडवेलं व्हायचं. इमारतीतल्या इमारतीत पट्ट्या फिरल्या. एकाच्या बंद पडलेल्या लॅपटॉपातली चार जीबी दुसऱ्याच्या चालू लॅपटॉपात गेली. सॅमसंगशेजारी हायनिक्स, १६०० शेजारी १३३३. त्या वर्षी एकसारखी जोडी शोधत बसलो असतो तर काही मुलांचे वर्ग बुडाले असते.

तोवर कंपन्यांनीही वेगळीच वाट धरली होती. २०१८ च्या सुमारास चार जीबी बोर्डावरच डाखलेली आणि शेजारी एकच स्लॉट, अशा स्वस्त लॅपटॉपांची रीघ लागली. त्यात आठ टाकले की बारा. म्हणजे विजोड जोडी कंपनीनेच ठरवून दिलेली, आणि ती उत्तम चालते. पण डाखलेली मेमरी बिघडली तर पट्टी बदलून भागत नाही, बोर्डालाच हात घालावा लागतो. पुढची पायरी म्हणजे स्लॉटच नाही. ॲपलने २००८ च्या मॅकबुक एअरपासून हे केलं, आता मध्यम किमतीच्या विंडोज लॅपटॉपांतही सर्रास दिसतं. त्यामागे तांत्रिक कारण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही: एलपीडीडीआर जातीची मेमरी कमी वीज खाते, आणि तिचा वेग टिकायला प्रोसेसरपर्यंतचं अंतर अगदी थोडं लागतं. पण त्याची किंमत कोण मोजतं? आठ जीबीचा लॅपटॉप घेतला तो आयुष्यभर आठचाच राहणार, ही गोष्ट खोक्यावर ठळक लिहिलेली नसते. डिसेंबर २०२३ मध्ये जेडेकने कॅम२ हे मानक जाहीर केलं. त्यात चपटी पट्टी स्क्रूने बसते आणि एलपीडीडीआरसुद्धा बदलता येते. पण त्यावरचे लॅपटॉप अजून महागच आहेत.

डीडीआर५ मध्ये स्लॉट असले तरी विजोड जोडी आधीइतकी सोशीक राहिलेली नाही. वेग खूप वाढल्याने जुळवाजुळव नाजूक झाली. नवी पट्टी घातल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळा राहू शकतो. तेवढ्या वेळात मेमरीचं प्रशिक्षण चालू असतं, घाबरून बटण दाबू नये.

२०२५ संपता संपता एआयच्या मागणीने रॅमच्या किमती दुपटीहून वर गेल्या, आणि ३ डिसेंबरला मायक्रॉनने 'क्रुशिअल' हा आपला ग्राहकांसाठीचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. इथल्या कितीतरी लॅपटॉपांत आजही त्याच नावाची पट्टी आहे. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा आधारही थांबला होता. विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या लॅपटॉपांवर मी लिनक्स मिंट टाकून देतो, आणि त्यासाठी जुन्या पट्ट्या पुन्हा डब्यातून निघतात. बारावीनंतर नवा लॅपटॉप घ्यायला निघालेली मुलं विचारायला येतात, तेव्हा प्रोसेसरच्या आधी मी त्यांना तीनच गोष्टी दुकानात विचारायला सांगतो: बोर्डावर डाखलेली किती, स्लॉट किती, आणि त्यातला रिकामा किती. उत्तर टाळलं तर मॉडेलचा पूर्ण नंबर लिहून आणा, म्हणतो; तो पाहिला की कळतं.