मोबाइलच्या पाठीवरची पेशी

मोबाइलच्या कव्हरवर काळ्या शाईतलं, असंख्य फांद्या फुटलेलं एखादं झाड दिसलं, तर जरा निरखून पाहावं. ते झाड नसून मेंदूतली पेशीही असू शकते. अशा कव्हरांवर दिसणारी पेशींची चित्रं असतात स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांची.

मेंदूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली नुसता धरला, तर पेशींच्या गर्दीत काहीच उमगत नाही. 1873 मध्ये इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी त्यावर उपाय काढला. पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवलेला मेंदूचा तुकडा सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला की मोजक्याच पेशी काळ्या होतात. पण होतात त्या अगदी फांदीच्या टोकापर्यंत!

काहाल यांनी ही पद्धत 1887 पासून हाती घेतली आणि सुधारली. लहान मेंदूतली पुर्किन्ये पेशी त्यांनी विलक्षण देखणी रेखाटली. तिच्या फांद्या जवळजवळ एकाच प्रतलात पसरतात, त्यामुळे सपाट कव्हरवर ती छान शोभते.

मात्र ही चित्रं म्हणजे नुसती नक्षी नव्हे; त्यांच्यामागे एक वाद आहे. गोल्जींच्या मते मेंदू म्हणजे सलग जाळं. काहाल म्हणत, प्रत्येक पेशी स्वतंत्र. 1906 चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, तरी गोल्जींनी नोबेलच्या भाषणातही विरोध सोडला नाही. काळाने कौल दिला तो काहाल यांच्या बाजूने.

त्यांच्या काही चित्रांत बारीक बाण आहेत. संदेश कुठून कुठे जातो, ते दाखवणारे. कव्हर निवडताना ते बाण जरूर शोधा.