मिठ्ठूच्या वाटीत काय वाढावे?

अमरावती-अकोल्याकडच्या कितीतरी घरांत पिंजऱ्यातल्या पक्ष्याचे जेवण ठरलेले असते. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, एखादी हिरवी मिरची, सूर्यफुलाच्या बिया आणि संध्याकाळी चहात बुडवलेला बिस्किटाचा तुकडा. ‘आमचा मिठ्ठू दुसरे काही खातच नाही,’ हे उत्तरही ठरलेले. पालकाचे पान तो फेकून देतो, गाजराकडे पाहतही नाही. मग घरचे म्हणतात, खातो ते खाऊ द्या. आमच्या मते खरी अडचण इथूनच सुरू होते.

सूर्यफुलाच्या बियांत तेल भरपूर असते. दिवसभर उडणारा पक्षी ते पचवतो. पिंजऱ्यात बसून राहणाऱ्याच्या यकृतावर मात्र चरबी चढते. शिवाय नुसत्या बियांतून ‘अ’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम पुरेसे मिळत नाही. पिसे निस्तेज होतात, चोच वेडीवाकडी वाढते, तोंडात पांढरे चट्टे येतात. पक्षी आपले दुखणे लपवतो, त्यामुळे हे लक्षात येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

आहाराकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या शेतशिवारात दिसणारा हिरवा कंठवाला पोपट, मोठा पहाडी पोपट आणि इतर सर्व देशी पोपट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे किंवा घरी पाळणे गुन्हा आहे. असा पोपट घरात असेल तर त्याला एकदम उडवून देऊ नये. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याच्या पंखांत बळ नसते आणि अन्न शोधण्याची सवयही नसते. वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करून तो त्यांच्या हवाली करावा. मांजरीला कोंडून ठेवणाऱ्या स्त्रीची हदीस आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. तिने मांजरीला खाऊही घातले नाही आणि आपले अन्न शोधायला सोडलेही नाही. बेजुबान जीव ही आपल्याकडची अमानत आहे.

बजरीगर आणि कॉकाटील यांची गोष्ट वेगळी. बजरीगरला दुकानांत सर्रास ‘लव्ह बर्ड’ म्हणतात. हे दोन्ही पक्षी मूळचे ऑस्ट्रेलियाचे असून त्यांची पैदास पिढ्यान्‌पिढ्या माणसाकडेच होत आली आहे. ते पाळता येतात, पण मग त्यांचा आहारही नीट पाहावा लागतो.

हट्टी वाटणारा पक्षी खरे तर हट्टी नसतो. थव्यातले पिल्लू मोठ्यांना पाहून काय खायचे ते शिकते. लहानपणापासून फक्त बिया पाहिलेल्या पक्ष्याला गाजर हे अन्न आहे हेच ठाऊक नसते. पिंजऱ्यातल्या पक्ष्याचा थवा म्हणजे आपले घर. म्हणून पिंजऱ्याजवळ बसून तेच गाजर, तीच काकडी आपण चवीने खावी आणि मग त्याला द्यावी. ही युक्ती मुलांना फार छान जमते. रमजानमध्ये दिवसा हे काम रोजा नसलेल्या लहानग्यांकडे सोपवावे. सहरीच्या वेळी पिंजऱ्यावर उजेड पडणार नाही असे पातळ कापड टाकावे, कारण त्याला दहा-बारा तासांची झोप लागते.

सुरुवात वजनापासून करावी. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा पुरतो. बजरीगर साधारण 30 ते 40 ग्रॅमचा, तर कॉकाटील 80 ते 100 ग्रॅमच्या आसपास असतो. रोज सकाळी वजन लिहून ठेवावे. दहावा हिस्सा वजन घटले तर बदल थांबवून नेहमीचे दाणे द्यावेत. ‘भूक लागली की खाईल’ हा विचार लहान पक्ष्याच्या जिवावर बेततो. एक-दोन दिवसांची उपासमारही त्याला झेपत नाही. आणखी एक, वाटी भरलेली दिसते तेव्हा त्यात अनेकदा नुसती टरफले असतात. रोज फुंकर मारून पाहावे.

रात्री उरलेले दाणे काढून घ्यावेत. सकाळी पक्षी भुकेला असतो, तेव्हा आधी भाजी ठेवावी आणि तासाभराने दाणे द्यावेत. किसलेले गाजर दाण्यांत मिसळावे. मेथी किंवा शेवग्याचा ओला पाला पिंजऱ्याला चिमट्याने लटकवावा. ओल्या पानांशी खेळता खेळता पक्षी चव घेतो. मोड आलेले मूग, मटकी आणि ज्वारी, उकडलेला लाल भोपळा, मक्याचे कोवळे कणीस, हे सगळे आपल्याच बाजारात मिळते. दाण्यांत सूर्यफूल कमी करून बाजरी आणि राळे वाढवावेत. पेरू, संत्र्याची फोड थोडीच द्यावी. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा पिंजऱ्यात अडकवावा. एखादा पदार्थ दहा-पंधरा दिवस नाकारला तरी रोज थोडा ठेवत राहावे. काही पक्ष्यांना महिनाही लागतो.

मिरचीची चिंता नको, तिचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही. मात्र चहा, बिस्कीट, शेव-चिवडा, चॉकलेट, कांदा-लसूण, अ‍ॅव्होकॅडो आणि सफरचंदाच्या बिया कधीही देऊ नयेत. बुरशी धरलेले शेंगदाणे तर विषच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो. अशा दिवसांत ओले अन्न तासाभरात उचलावे, मोड दोन-तीनदा धुऊनच द्यावेत आणि पाणी दिवसातून दोनदा तरी बदलावे.

पक्षी पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला, श्वास घेताना त्याची शेपटी हलू लागली किंवा त्याने दिवसभर दाणा टिपला नाही, तर घरगुती उपाय करत बसू नये. त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवावे. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, तिथे चौकशी करता येईल. जाताना वजनाची वही सोबत न्यावी, डॉक्टरांना तिचा मोठा उपयोग होतो.

या सगळ्याला पैसा फारसा लागत नाही. आपल्या हंडीसाठी आणलेल्या मेथीतल्या चार काड्या आणि रोजची दहा मिनिटे पुरतात. पिंजऱ्यातला पक्षी आपले अन्न निवडायला बाहेर जाऊ शकत नाही. त्याच्या वाटीत काय पडायचे हे आपल्याच हातात असते.