आयोवाच्या शेतकऱ्याची जमीन का गेली?



अमेरिकेतला शेतकरी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येतो मोठ्या ट्रॅक्टरचा धनी, शेकडो एकरांचा मालक. अशा शेतकऱ्याच्या दारात लिलाव पुकारला गेला असे कुणी सांगितले, तर खरे वाटेल का? पण १९८० नंतरच्या काही वर्षांत आयोवा, मिनेसोटा, मिसूरी अशा सुपीक राज्यांत हजारो घरी हेच घडले.

झाले असे. १९७२ साली सोव्हिएत रशियाने अमेरिकेकडून प्रचंड धान्य घेतले. भाव चढले. कृषिमंत्री अर्ल बट्झ यांचा सल्ला असा की, बांधापासून बांधापर्यंत पेरा. जमिनीचे मोल दरसाल वाढत होते, आणि बँका तिच्या तारणावर सढळ हाताने कर्ज देत होत्या. आयोवात एकराचा सरासरी भाव १९७० मध्ये ४१९ डॉलर होता. १९८१ मध्ये तो २,१४७ डॉलर झाला.

मग वारे फिरले. महागाई आवरण्यासाठी १९७९ पासून मध्यवर्ती बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी पैशाचा ओघ आखडला. डिसेंबर १९८० मध्ये बँकांच्या पहिल्या प्रतीच्या गिऱ्हाइकांनाही शेकडा साडेएकवीस व्याज पडू लागले. त्याच वर्षी जानेवारीत, रशियाने अफगाणिस्तानात फौजा घातल्या म्हणून, अध्यक्ष कार्टर यांनी त्या देशाला धान्य विकण्यावर निर्बंध घातले. ते एप्रिल १९८१ मध्ये उठले. पण डॉलर महागला आणि परदेशी गिऱ्हाईक दुसरीकडे वळले.

आता एक हिशेब मांडू. गुरुजींनी तो फळ्यावर घ्यावा. समजा, एकाची वडिलार्जित जमीन १०० एकर. तेजीत त्याने आणखी १०० एकर २,००० डॉलर भावाने, सगळे कर्ज काढून घेतले. कर्ज झाले दोन लाख. शेकडा ८ दराने व्याज वर्षाला १६ हजार. तोच दर १८ झाला की ३६ हजार. इकडे धान्याचा भाव पडलेला. १९८६ मध्ये आयोवातली जमीन एकरी ७८७ डॉलरवर आली. म्हणजे सगळे २०० एकर विकले तरी हाती येणार १,५७,४०० डॉलर. वाडवडिलांची जमीन जाऊनही कर्ज उरतेच! या माणसाने आळस केला नव्हता, की पीक बुडवले नव्हते.

जमिनीमागून गाव खचले. अवजारांची दुकाने बंद झाली, छोट्या बँका बुडाल्या, मुले कमी झाल्याने शाळा एकत्र कराव्या लागल्या. घरची बाई शहरात नोकरीला जाऊ लागली. काहींनी तर शरमेपोटी जीव दिला. लिलावात गेलेल्या शेतांची आठवण म्हणून लोकांनी कचेऱ्यांसमोर पांढरे क्रूस रोवले.

पण माणसे गप्प बसली नाहीत. १९७९ मध्येच ट्रॅक्टरांचा मोर्चा वॉशिंग्टनवर धडकला होता. २२ सप्टेंबर १९८५ रोजी गायक विली नेल्सन आणि त्यांच्या सोबत्यांनी इलिनॉयमध्ये शेतकऱ्यांसाठी मोठा जलसा केला. १९८६ मध्ये असा कायदा झाला की, कुटुंबाने शेती न सोडता तीन ते पाच वर्षांत, झेपेल तेवढे कर्ज फेडावे. तो २००५ मध्ये कायम झाला. मात्र तोवर अनेकांची शेते गेली होती.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरेच. पण अंथरूण लांब आहे असे सरकार आणि बँका सांगतात, आणि मग तेच आखूड होते, तेव्हा सारा दोष झोपणाऱ्याला देऊन कसे चालेल? जमिनीचा वाढलेला भाव म्हणजे हातातला पैसा नव्हे, एवढे मात्र आपण ध्यानात ठेवू या.