आरसा भिंतीला लावताना

बेलपाड्याला आमच्या घरी सून शिवणकाम करते. गिऱ्हाईक बायकांना नव्या ड्रेसमध्ये स्वतःला डोक्यापासून पायापर्यंत पाहता यावं, म्हणून चार फूट रुंद आणि सहा फूट उंच आरसा घ्यायचं ठरलं. भिंत नुकतीच रंगवलेली. तिला भोकं पाडायची नाहीत, आरसा चिकटवायचा, हा हट्ट माझा. सिलिकॉनची नळी आणली तीही मीच, स्वस्तातली. ऐन आषाढात आरसा लावला आणि पंधरा दिवसांनी रात्री तीनच्या सुमारास तो खाली आला.

त्याच भिंतीशी माझा सहा वर्षांचा नातू गादी टाकून झोपतो. त्या रात्री तो आजोळी होता.

सकाळी तुकडे गोळा करताना सून म्हणाली, "अब्बा, हे बघा, चिकटवलेलं तर सुटलेलंच नाही." खरंच, काचेच्या पाठीवर सिलिकॉन जसंच्या तसं होतं आणि त्याला डिस्टेंपरचा, पुट्टीचा थर घट्ट धरून होता. सिलिकॉनने आपलं काम चोख केलं होतं. पण त्याने आरसा धरला होता तो रंगाला. रंगाने भिंत सोडली, तिथे बिचारं सिलिकॉन काय करणार?

वजनाचा हिशेब मी नंतर केला. एक चौरस मीटर काच, जाडी एक मिलिमीटर, तर वजन अडीच किलो. आमचा आरसा पाच मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे २८ किलो, सिमेंटच्या अर्ध्या पोत्याहून जास्त! हे ओझं मी ओल धरलेल्या पुट्टीवर टाकलं होतं. पनवेलकडचा पाऊस, त्यात ती बाहेरची भिंत.

दुसरी चूक नळीची. लावताना खोलीभर शिरक्यासारखा वास सुटला होता. असं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि ते आरशाच्या पाठीला मानवत नाही. त्या पाठीवर चांदीचा अगदी पातळ थर असतो, वर संरक्षक रंग. (१९व्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी काचेवर चांदी चढवण्याची रीत दाखवली, त्याआधी कथील आणि पारा वापरत.) ॲसिड चांदीपर्यंत पोचलं की काळे डाग उमटतात. आमचा आरसा तोवर टिकलाच नाही, ही गोष्ट वेगळी. नळीवर 'न्यूट्रल' आणि 'आरशासाठी' असं लिहिलेलं पाहूनच घ्यावी. 'आरसा' हा शब्द संस्कृत 'आदर्श'वरून आला, 'आईना' फारसीतून, हे मला ठाऊक होतं. कविता लिहिताना आरसा कितीदा आला असेल! पण त्याची पाठ मी कधी बघितली नव्हती.

दुसरा आरसा दिवाळीनंतर लावला, काचवाल्याच्या हातून. त्याने आधी भिंतीवर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी टेप लावून दिवसभर ठेवला. आत थेंब जमले नाहीत, तेव्हा ओल नाही अशी खात्री झाली. मग चिकटवायच्या जागेवरचा रंग आणि पुट्टी खरवडून थेट प्लास्टरपर्यंत गेला, धूळ पुसली, जागा वाळू दिली. सिलिकॉनच्या रेघा त्याने उभ्या ओढल्या, मध्ये अंतर सोडून. मी विचारलं, गोळे का नाही लावत? तर सिलिकॉन हवेतल्या दमटपणाने, बाहेरून आत असं घट्ट होतं. दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. जाड गोळा आत कच्चाच राहतो. कडेने बंद चौकट काढली तर आत हवा जात नाही. उभ्या रेघांमधून हवा खेळते आणि पाणी शिरलंच तर खाली निघून जातं.

आणि सगळ्यात आधी त्याने ड्रिल काढलं. आरशाच्या खालच्या कडेला ॲल्युमिनिअमचा चॅनेल, प्लग ठोकून स्क्रूने पक्का केलेला. वजन चॅनेलवर, सिलिकॉनने फक्त आरसा पुढे झुकू द्यायचा नाही. वरून टेप लावून तीन दिवस हात लावायचा नाही, अशी ताकीद. ज्या भोकांसाठी मी एवढा अडून बसलो होतो, ती चॅनेलमागे दिसतही नाहीत.

आरशाच्या पाठीवर या वेळी सेफ्टी फिल्मही आहे. काच फुटलीच तर तुकडे तिला धरून राहतात. मात्र सिलिकॉन लावायचं असेल तर ही फिल्म चिकटवण्यासाठीचीच आहे ना, हे काचवाल्याला आधी विचारावं. नाहीतर पुट्टीची गोष्ट फिल्मची होते.

आरसा लावून दोन पावसाळे झाले. बायका पुढून-मागून वळून पाहतात, बाहीची तक्रार करतात. नातवाची गादी मात्र सुनेने समोरच्या भिंतीशी हलवली आहे, ती अजून तिथेच.