कार्बनचा कर कुणाच्या खिशात?

कार्बनवर कर लावला की उद्योग बुडतात, असे एक बाजू सांगते. कर लावला की धूर आपोआप कमी होतो, असे दुसरी. गेल्या पस्तीस वर्षांत जगभर दोन्ही दाव्यांचा कस लागला आणि दोन्ही अर्धेच खरे ठरले. हरितगृह वायूंना आळा घालणारे कायदे कुठे टिकले आणि कुठे एका निवडणुकीत उडाले, हे तपासले तर निराळाच प्रश्न पुढे येतो. कराचा पैसा कुठे गेला, आणि तो जाताना लोकांना दिसला का?

स्वीडन ते कॅनडा

स्वीडनने १९९१ मध्ये टनामागे २५० क्रोनर कार्बन कर लावला. आज तो दीड हजारांच्या घरात आहे. पण त्याच वर्षी तिथे मोठी करसुधारणा झाली आणि प्राप्तिकराचे दर उतरले. एका हाताने घेतलेले दुसऱ्या हाताने परत मिळाले. परदेशी स्पर्धेला तोंड देणाऱ्या कारखान्यांना सुरुवातीला सवलतीचा दर होता. ती सवलत २०१८ पर्यंत हळूहळू काढून घेतली. घरे उबदार ठेवण्यासाठी शहरभर गरम पाणी पुरवणारी केंद्रे तेल आणि कोळसा सोडून लाकडाच्या टाकाऊ मालावर गेली. १९९० च्या तुलनेत देशाचे उत्सर्जन सुमारे एक तृतीयांशाने घटले, अर्थव्यवस्था मात्र दीडपटीहून अधिक वाढली.

फ्रान्सने २०१८ मध्ये नेमके उलटे केले. इंधनावरचा कार्बन कर वाढवला आणि त्याच वर्षी श्रीमंतांवरचा संपत्ती करही काढून टाकला. खेड्यातून रोज गाडीने कामावर जाणाऱ्याला या दोन निर्णयांची बेरीज लगेच कळली. नोव्हेंबरमध्ये पिवळी जाकिटे घातलेले आंदोलक रस्त्यावर आले आणि डिसेंबरमध्ये पुढची दरवाढ गुंडाळावी लागली. ऑस्ट्रेलियात जुलै २०१२ मध्ये २३ डॉलरने सुरू झालेली कार्बनची किंमत सत्ताबदलानंतर, जुलै २०१४ मध्ये, रद्द झाली.

कॅनडाने तर पैसे थेट कुटुंबांच्या खात्यात परत केले. बहुतेक कुटुंबांच्या हाती भरलेल्या करापेक्षा जास्त परतावा पडत होता. पण पंपावरचा भाव टाकी भरताना दर वेळी दिसे, परतावा तीन महिन्यांनी बँकेत मुकाट जमा होई. ग्राहकांवरचा हा कर १ एप्रिल २०२५ पासून बंद झाला. पैसा परत देणे पुरत नाही. तो दिला हे लोकांना जाणवावेही लागते.

परवान्यांचा बाजार

युरोपीय संघाने २००५ मध्ये दुसरी वाट धरली. एकूण उत्सर्जनाला मर्यादा घालायची, तेवढे परवाने काढायचे आणि त्यांचा व्यापार होऊ द्यायचा. सुरुवात फसली. परवाने गरजेपेक्षा जास्त आणि तेही फुकट वाटले गेले. वीज कंपन्यांनी फुकट मिळालेल्या परवान्यांचीही किंमत ग्राहकांच्या बिलात लावली. २००७ मध्ये परवान्याचा भाव जवळजवळ शून्यावर आला. पुढे वीज केंद्रांना लिलावात बोली लावणे भाग पडले, २०१९ पासून जादा परवाने बाजारातून काढून घेण्याची यंत्रणा आली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये भावाने १०० युरोला स्पर्श केला. या व्यवस्थेखालच्या क्षेत्रांचे उत्सर्जन २०२३ पर्यंत २००५ च्या तुलनेत सुमारे ४७ टक्क्यांनी घटले. अर्थात त्यात मंदीचा आणि पवन-सौर विजेला मिळालेल्या सरकारी पाठबळाचाही वाटा आहे.

अमेरिकेची गोष्ट आणखी वेगळी. ओबामा सरकारने २०१५ मध्ये वीज केंद्रांसाठी नियम आणला : २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत ३२ टक्के घट. सर्वोच्च न्यायालयाने त्याला २०१६ मध्ये स्थगिती दिली, म्हणून तो कधी अमलात आलाच नाही. तरीही ते लक्ष्य २०१९ मध्येच गाठले गेले, कारण स्वस्त नैसर्गिक वायूने कोळशाला बाजारातून ढकलले. नियम झाला तर वीज परवडणार नाही असे सांगणाऱ्यांना हे उत्तर आहे, आणि नियमाशिवाय काहीच घडत नाही म्हणणाऱ्यांनाही.

आपला कोळसा, आपला उपकर

भारताने जुलै २०१० मध्येच कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लावला होता. २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. पैसा स्वच्छ ऊर्जेच्या राष्ट्रीय निधीत जायचा होता. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमले. त्यांतले निधीत पोचले साधारण २९,६०० कोटी आणि प्रकल्पांवर लागले १५,९०० कोटी. जीएसटी आल्यावर उपकराचे नावही बदलले आणि पैसा राज्यांच्या महसुलाची तूट भरण्याकडे वळला.

सप्टेंबर २०२५ मध्ये तो उपकर रद्द झाला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. कागदावर ही करवाढ दिसते, पण गणित करून पाहावे. टनाला १,००० रुपये भावाच्या हलक्या कोळशावर पूर्वी ५० रुपये जीएसटी आणि ४०० रुपये उपकर, असे ४५० रुपये पडत. आता १८० पडतात. कर वजनावरून किमतीवर गेल्याने राखेने भरलेला स्वस्त कोळसा सर्वांत जास्त सुटला.

सिमेंटची गोणी आणि नट-बोल्ट

आता केंद्राने कार्बन क्रेडिटची व्यवस्था आणली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अॅल्युमिनियम, सिमेंट, कागद आणि क्लोर-अल्कली या चार उद्योगांतल्या २८२ कारखान्यांना लक्ष्ये ठरवून दिली गेली. मर्यादा एकूण धुरावर नाही, एक टन मालामागे किती धूर यावर आहे. लक्ष्यापेक्षा कमी धूर ज्याला जमेल त्याने क्रेडिट विकावे, ज्याला जमणार नाही त्याने घ्यावे. तेही न घेतल्यास सरासरी भावाच्या दुप्पट भरपाई.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिमेंट कारखान्यांसाठी याचा अर्थ काय? सिमेंटचा निम्म्याहून अधिक कार्बन इंधनातून येत नाही, भट्टीत भाजलेल्या चुनखडीतूनच निघतो. म्हणून भट्टी कितीही सुधारली तरी मजल थोडीच. खरा उपाय म्हणजे चुनखडी भाजून बनलेले क्लिंकर कमी आणि वीज केंद्रांतली राख जास्त. राख मिसळून बनवलेल्या पीपीसी सिमेंटमध्ये तिचे प्रमाण ३५ टक्क्यांपर्यंत चालते आणि ते गोणीवर छापलेले असते. गंमत अशी, की ही राख देणारी कोळशावरची वीज केंद्रे, चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे केंद्र धरून, या व्यवस्थेच्या बाहेरच आहेत.

दुसरीकडे युरोपने १ जानेवारी २०२६ पासून आयात पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट आणि खतांवर सीमेवरच कार्बनची किंमत लावली आहे. नट, बोल्ट आणि स्क्रूही त्या यादीत आहेत. भोसरीत किंवा सातपूरला बोल्ट बनवणाऱ्या लघुउद्योजकाला युरोपचा ग्राहक आता विचारतो : तुम्ही घेतलेली पोलादी सळई बनताना किती कार्बन निघाला? त्याचे उत्तर सळई विकणाऱ्या गिरणीकडे असते. आकडा मिळाला नाही तर युरोप स्वतःचा, चढा आकडा धरतो. मूळ देशात प्रत्यक्ष भरलेली कार्बनची किंमत मात्र त्यातून वजा होते.

म्हणजे कर द्यायचा की नाही, हा पर्याय निर्यातदारापुढे उरलेलाच नाही. तो दिल्लीत भरायचा की ब्रसेल्समध्ये, एवढेच ठरायचे आहे. दिल्लीत भरला तर त्या पैशाचा हिशेब मागता येतो, आणि तो मागायलाच हवा. कोळशावरच्या करातला ठरावीक वाटा कायद्याने चंद्रपूर आणि कोरबासारख्या जिल्ह्यांत, खाणी बंद झाल्यावर कामगारांनी काय करायचे यावर खर्च व्हावा आणि त्याचा आकडा दरवर्षी जाहीर व्हावा. पहिल्या उपकराचा पैसा कुठे गेला हे आपण वेळेवर विचारले नाही. येत्या अर्थसंकल्पाच्या वेळी आपल्या खासदाराला हा प्रश्न जरूर विचारा.